एव्हबरीला राखणदार कोण?

प्रश्न : माझी धाकटी बहीण स्विंडनला असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने बसने एव्हबरी नावाच्या गावी नेलं. माणसाहून उंच दगडांचं अवाढव्य रिंगण, भोवती खोल खंदक, आणि आत चक्क गाव! दगडांमधून मेंढ्या चरत होत्या, पोरं दगडाला पाठ टेकून सँडविच खात होती, मधोमध एक पब. तिकीट नाही, पहारेकरी नाही. आपल्याकडे पडक्या देवळाबाहेरसुद्धा पुरातत्त्व खात्याचा निळा फलक असतो आणि आत पाऊल टाकलं की कुणीतरी हटकतं. एव्हबरी तर म्हणे जागतिक वारसा आहे. मग तिथली राखण करतं कोण?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : राखण करते नकाशावरची एक रेघ. रिंगण, खंदक आणि त्याबाहेरचा मातीचा बांध यांच्याभोवती सरकारने ती मारून ठेवली आहे. रेघेच्या आत जमीन खणणं, दगड हलवणं, खांब रोवणं, भराव टाकणं, इतकंच काय, ढासळलेल्या भागाची डागडुजी करणं, यांतलं काहीही लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. परवानगी सांस्कृतिक खात्याच्या मंत्र्याच्या नावाने निघते आणि त्याला सल्ला 'हिस्टॉरिक इंग्लंड' ही सरकारी संस्था देते. न विचारता कुदळ मारली तर तो फौजदारी गुन्हा. तुमची बहीण दगडाला टेकून बसली तर कायद्याला काही म्हणायचं नाही. तिने त्याच दगडाच्या मुळाशी खड्डा खणून शेगडी पेटवली, तर मात्र प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

अशा रेघा इंग्लंडभर सुमारे २०,००० ठिकाणी आहेत. त्यांना 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट' म्हणतात. आपल्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या यादीत अख्ख्या देशातली सुमारे ३,७०० स्मारकं आहेत (राज्यांच्या याद्या वेगळ्या), यावरून इंग्रजांच्या यादीचा पसारा लक्षात येईल. पण संख्येवर भुलू नका. तिथे यादीत नाव आलं म्हणजे सरकारने जागा ताब्यात घेतली असं होत नाही. जमीन ज्याची त्याचीच राहते. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात बोजा चढतो ना, तसं हे आहे : जमीन विकली तरी नोंद तिच्यासोबत जाते. मालकाने लोकांना आत येऊ द्यावं असं बंधन नाही. त्याने देखभाल करावी असंही नाही. हात लावायचा नाही, एवढंच. हा कायदा करायला काही सांगत नाही, फक्त करू देत नाही. त्याची ताकद आणि त्याचा दुबळेपणा, दोन्ही इथेच आहे.

तुम्ही पाहिलेलं रिंगण या यादीतलं देखणं उदाहरण. बाकीच्यांपैकी पुष्कळांकडे तर मान वळवूनही कुणी पाहणार नाही. एव्हबरीचा परिसर २००९ पर्यंत केनेट नावाचा स्वतंत्र डिस्ट्रिक्ट होता. आपल्या तालुक्यासारखा, कचेरी डिव्हायझेस या बाजारगावी. पुढे स्विंडन वगळता सगळा विल्टशर परगणा एकाच कौन्सिलखाली आला. खडूच्या टेकड्या, गहू-बार्लीची शेतं, मेंढरं आणि कुरणं असा हा मुलूख. त्यात पावलोपावली मातीची टेकाडं आहेत. कुणाचं तरी चार हजार वर्षांपूर्वीचं थडगं. काही गुडघ्याएवढी उरली आहेत, काही जमिनीसपाट झाली आहेत. मार्लबरोजवळ मिल्डनहॉल गावाबाहेर क्युनेशियो नावाचं रोमन शहर होतं. आज तिथे जाऊन पाहाल तर शेत दिसेल, बाकी शून्य. रस्ते, तटबंदी, बुरुज सगळं जमिनीखाली.

म्हणजे हा पहारा मुख्यतः मातीवर आहे. दगडाला टेकल्याने दगडाचं काही बिघडत नाही. एव्हबरीचे दगड सार्सन नावाच्या अतिकठीण वालुकाश्माचे आहेत. मातीचं मात्र तसं नसतं. ती एकदा उलथली की तिच्यात लिहिलेलं परत वाचता येत नाही. याचा पुरावा याच रिंगणात मिळाला. मध्ययुगात गावकऱ्यांनी यातले बरेच दगड खड्डे खणून आडवे पुरून टाकले होते. १९३८ मध्ये त्यांतला एक दगड उचलताना खाली माणसाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ लोखंडी कात्री होती, एक टोकदार अवजार होतं आणि १३२० च्या सुमाराची चांदीची नाणी होती. कात्री पाहून तो हजामत आणि शस्त्रक्रिया असे दोन्ही धंदे करणारा फिरता न्हावी-वैद्य असावा असा तर्क निघाला. दगड पुरताना तो अंगावर कोसळला आणि हा बिचारा खाली सापडला, अशी कथा छापून आली. सांगाडा लंडनला गेला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात नष्ट झाला असं धरून सगळे गप्प बसले. १९९८ मध्ये तो तिथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये सापडला. नव्याने तपासल्यावर दगडाखाली चिरडून मेल्याची गोष्ट टिकली नाही. गोष्ट गेली, पण नाणी राहिली. दगड कधी पुरला याचा अंदाज आज बांधता येतो तो केवळ नाणी, हाडं आणि माती आपापल्या जागी होती म्हणून. कुणी हौशी माणसाने आदल्या वर्षी तिथे खणलं असतं तर त्याला एक कात्री मिळाली असती, बस.

तेव्हा कायदा आला तो या शहाणपणातून, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. तो आला तोडफोड पाहून.

सतराव्या-अठराव्या शतकात एव्हबरीच्या गावकऱ्यांना हे दगड म्हणजे शेतातली अडचण आणि फुकटचं बांधकामाचं सामान वाटे. दगड फोडण्याची रीत विल्यम स्टकली या वैद्याने लिहून ठेवली आहे. १७१९ पासून पुढची काही वर्षं तो इथे येऊन मोजमापं घेत होता, नकाशे काढत होता. दगडाशेजारी खड्डा खणायचा, त्यात गवताचे भारे पेटवायचे, दगड आत लोटायचा. चांगला तापला की ज्या रेषेत फोडायचा त्या रेषेवर गार पाणी ओतायचं आणि लागलीच घण घालायचे. दगड तडकतो. मग तुकडे घराच्या भिंतीला. तुम्ही गावातली घरं पाहिली असतील तर रिंगणातले कितीतरी दगड तुम्ही पाहिले आहेत, फक्त ते उभे नाहीत. स्टकलीच्या डोळ्यांदेखत ओव्हरटन टेकडीवरचं 'सँक्च्युअरी' नावाचं दुसरं वर्तुळ साफ झालं. ते नेमकं कुठे होतं हे थेट १९३० मध्ये मॉड कनिंग्टन यांनी खणून शोधलं. त्याच टेकडीजवळ १६७८ मध्ये मार्लबरोच्या डॉक्टर टूप नावाच्या गृहस्थांनी पोतीच्या पोती माणसांची हाडं उकरून नेली होती. कशासाठी? औषध करायला!

१८७० च्या दशकाच्या सुरुवातीला एव्हबरीची काही जमीन घरांच्या प्लॉटसाठी विकायला निघाली. ही बातमी जॉन लबक यांच्या कानावर गेली. हा माणूस भलताच उद्योगी : धंद्याने सावकारी पेढीवाला, लहानपणी डार्विनचा शेजारी आणि चेला, मुंग्यांवर संशोधन करणारा, पार्लमेंटचा सभासद. इंग्लंडला बँक हॉलिडे मिळाला तो याच्या १८७१ च्या कायद्याने. त्याने एव्हबरीची जमीन स्वतः विकत घेतली, पाठोपाठ जवळची सिलबरी नावाची प्राचीन टेकडीही घेतली. पण अशी किती ठिकाणं एकटा माणूस विकत घेणार? म्हणून त्याने १८७३ मध्ये पार्लमेंटात संरक्षणाचं विधेयक आणलं. ते पडलं. पुन्हा आणलं, पुन्हा पडलं. सभागृह जमीनदारांनी भरलेलं, आणि त्यांचा आक्षेप सरळ होता : माझ्या शेतातल्या दगडाबद्दल मला विचारणारं सरकार कोण?

शेवटी १८८२ मध्ये कायदा झाला, पण दात काढून. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून ६८ ठिकाणांची यादी. त्यात एव्हबरी होतं. स्मारकाची नासधूस करणाऱ्याला पाच पौंडांपर्यंत दंड किंवा महिनाभर कैद; मात्र मालकाने स्वतःच नासधूस केली तर काही नाही! मालकाने आपखुशीने सरकारला पालकत्व दिलं असेल तरच त्याच्यावर बंधन. या मालकांची मनं वळवायला पहिले निरीक्षक म्हणून जनरल पिट-रिव्हर्स यांना नेमलं. पुढे १८८४ मध्ये त्यांची मुलगी लबक यांनी केली, म्हणजे प्राचीन स्मारकांचा सगळा कारभार सासरा-जावयाच्या घरात. लबक यांना १९०० मध्ये उमरावपद मिळालं तेव्हा त्यांनी नाव घेतलं लॉर्ड एव्हबरी.

आता आपल्याशी जोडलेला धागा. लॉर्ड कर्झन यांनी हिंदुस्थानात १९०४ मध्ये प्राचीन स्मारक संरक्षण कायदा केला. तो इंग्लंडच्या कायद्यापेक्षा कितीतरी कडक होता : पाच हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय वेळ पडली तर स्मारक सक्तीने संपादन करण्याचा अधिकार. इंग्लंडमध्ये जे जमलं नाही ते इथे जमलं, कारण इथे जमीनदारांचं पार्लमेंट आडवं येत नव्हतं. व्हाइसरॉयने ठरवलं आणि झालं. कर्झन यांच्या स्मारकप्रेमाचं कौतुक करताना ही बाजू विसरू नये असं मला वाटतं. पण पुढची गंमत अशी की हाच माणूस मायदेशी परतल्यावर १९११ मध्ये लिंकनशरमधल्या टॅटरशॉल किल्ल्याच्या भानगडीत पडला. पंधराव्या शतकातला विटांचा सुरेख मनोरा. त्यातल्या कोरीव शेकोट्या उचकटून अमेरिकेला पाठवायला काढल्या होत्या. कर्झन यांनी किल्ला विकत घेतला, टिलबरी बंदरातून शेकोट्या सोडवून आणल्या आणि १९१२ मध्ये मिरवत परत बसवल्या. या गाजावाजातून १९१३ चा सुधारित कायदा झाला. त्यात पहिल्यांदा मालकाच्या मर्जीविना नाव यादीत घालता येऊ लागलं. तरीही मालकाने आधी सूचना दिली की त्याला काम करता येई. सरकारला अडवायचं असेल तर त्याने धावपळ करावी. आधी परवानगी, मग काम, हा क्रम आला तो १९७९ च्या कायद्याने. आज लागू आहे तो हाच.

रिंगणातलं गाव कसं राहिलं, हेही तुमच्या प्रश्नात आहेच. मुरंब्याच्या कारखान्याचा वारस अलेक्झांडर किलर याने एव्हबरीतली बरीच जमीन घेतली आणि १९३४ ते १९३९ दरम्यान उत्खनन केलं. पुरलेले दगड त्याने पुन्हा उभे केले. जिथे दगड गेलेच होते तिथे काँक्रीटचे बुटके खुंट रोवले. तुम्ही पाहिलेले ते खुंट म्हणजे गैरहजेरीची नोंद आहे. जाता जाता त्याने आतली काही घरंही पाडली. त्याला इतिहासपूर्व एव्हबरी हवं होतं, आणि मधल्या शतकांतली माणसं त्याला केरासारखी वाटत होती. मला हे पटत नाही. न्हावी-वैद्याचा सांगाडा जसा इतिहास, तसंच त्या दगडांच्या तुकड्यांनी बांधलेलं घरही इतिहासच. १९४३ मध्ये किलरने सगळं नॅशनल ट्रस्टला १२,००० पौंडांना, म्हणजे शेतजमिनीच्या भावाने, विकलं. तेव्हापासून मालक नॅशनल ट्रस्ट, पालक सरकार, सरकारच्या वतीने इंग्लिश हेरिटेज, आणि रोजची व्यवस्था पुन्हा नॅशनल ट्रस्टकडे. ही त्रांगडी रचना चालते कशी ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण चालते. लोक राहतात ती घरं आणि प्रार्थना चालणारं चर्च यांना शेड्यूल्ड मॉन्युमेंटचा कायदा लागत नाही; जुन्या इमारतींची यादी वेगळी, नियम वेगळे. पबही त्याच दुसऱ्या यादीत आहे. मेंढ्या मात्र हौसेने ठेवलेल्या नाहीत. त्या गवत आखूड राखतात आणि गाईगुरांपेक्षा त्यांच्या खुरांनी बांध कमी फुटतो.

तुमची बस ज्या रस्त्याने आली तो ए ४३६१ रस्ता रिंगणाच्या आरपार जातो. उत्तरेकडून आत शिरताना रस्त्याला अगदी खेटून एक चौकोनी धिप्पाड दगड आहे. कधीही न पडलेल्या मोजक्या दगडांपैकी तो एक. त्याला 'स्विंडन स्टोन' म्हणतात. स्विंडनमध्ये आता एवढे गोंयकार आहेत की पुढच्या खेपेला बहिणीने शेजारणीलाही घेऊन यावं. अंतर जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर आहे.

प्रश्न : शेतातल्या टेकाडावर अशी रेघ मारली तर तिथल्या शेतकऱ्याने पीक घ्यायचं कुठे? नुकसानभरपाई देतात का?
— एक शेतकरी वाचक, वाळवा

उत्तर : तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. ऐकून नवल वाटेल, पण बऱ्याच ठिकाणी शेतकरी त्या रेघेच्या आत नांगर चालवतो आणि ते कायदेशीर असतं. काही कामांना सरसकट मंजुरी देऊन ठेवली आहे, त्यात शेतीही येते. अट अशी की गेल्या सहा वर्षांत त्याच जागी त्याच प्रकारचं काम रीतसर चालू असलं पाहिजे, आणि नांगर पूर्वी जितका खोल जात होता त्याहून खोल जाता कामा नये. नव्याने सबसॉयलर घालायचा, चर खणायचे, गवताळ टेकाड पहिल्यांदाच मोडायचं, तर परवानगी हवी.

कागदावर ठीक आहे. शेतात काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. उतारावरची माती दर पावसाळ्यात थोडी खाली वाहून जाते. वरचा थर पातळ होतो. नांगराचा फाळ तितकाच खोल लावला तरी तो दरवर्षी नव्या, न उलथलेल्या थरात शिरतो. वर खडूचे पांढरे तुकडे दिसायला लागले की समजावं, थडग्याचं पोट फाटलं. नियम मोडलेला नाही, आणि टेकाड मात्र संपलं. मला विचाराल तर या कायद्यातलं सर्वांत मोठं भोक हेच आहे, आणि ते इतकी वर्षं बुजलं नाही कारण शेतकऱ्यांशी भांडायची हिंमत कुठल्याही सरकारात नसते.

म्हणून दुसरा मार्ग धरला आहे : पैसे. ग्रामीण पर्यावरण योजनेत, म्हणजे तिकडे ज्याला 'कंट्रीसाइड स्ट्युअर्डशिप' म्हणतात त्यात, पुरातत्त्वीय जागा लागवडीखालून काढून गवताखाली ठेवल्याबद्दल हेक्टरी रक्कम मिळते. करार असतो, मुदत असते. पिकापेक्षा ती रक्कम बरी वाटली तर शेतकरी तो तुकडा सोडतो. गव्हाचा भाव चढला की पुन्हा विचार करतो. कुणीही करील.

सपाट झालेल्या जागा मग ओळखतात कशा? विमानातून. पुरलेल्या खंदकात माती खोल आणि ओलसर असते, त्यावरचा गहू उंच वाढतो, हिरवा जास्त दिवस राहतो. जमिनीखाली भिंत असेल तर उलट. तिथलं पीक खुरटतं, आधी पिवळं पडतं. कोरड्या उन्हाळ्यात वरून पाहिलं की शेतात गोल, चौकोन, रस्ते उमटलेले दिसतात. ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याचे ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी याच किलरच्या सोबतीने विल्टशर आणि आसपासचा प्रदेश हवेतून छायाचित्रित केला आणि १९२८ मध्ये पुस्तक काढलं. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात तर नव्या जागांची रांगच लागली.

धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्यांचाही उपद्रव आहे. क्युनेशियोच्या हद्दीजवळ १९७८ मध्ये अशाच शोधात रोमन नाण्यांचा साठा निघाला : एकूण ५४,९५१ नाणी. नोंद झाली, अभ्यास झाला, म्हणून बरं. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने संरक्षित जागेत परवान्याशिवाय असं यंत्र वापरायला बंदी घातली. रात्री टॉर्च घेऊन येणारे अजून येतातच.

आणि एक गुन्हेगार असा आहे ज्याला कुणी पकडू शकत नाही. बॅजर. हा अंगापिंडाने दणकट, बिळं करणारा प्राणी. भुसभुशीत मातीचं टेकाड त्याला घरासाठी आयतंच मिळतं. तो खणतो आणि चार हजार वर्षांपूर्वीची हाडं उकरून बिळाच्या तोंडाशी टाकतो. त्याला हुसकायचं तर १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा आडवा येतो. एक कायदा म्हणतो थडगं राखा, दुसरा म्हणतो बॅजर राखा. सॅलिसबरी प्लेनवर, लष्कराच्या सरावाच्या जमिनीत, बॅरो क्लम्प नावाचं टेकाड बॅजरांनी असं पोखरलं की शेवटी उरलेलं खणून नोंदवणं हाच उपाय राहिला. २०१२ पासून ते खणायला घेतले गेले जखमी सैनिक. 'ऑपरेशन नाइटिंगेल' हे त्या उपक्रमाचं नाव. तिथे अँग्लो-सॅक्सन काळातल्या कितीतरी कबरी निघाल्या. शरीराने आणि मनाने खचलेल्या माणसांना खणण्याच्या शांत, मापात चालणाऱ्या कामाने बरं वाटतं असा अनुभव आला, आणि उपक्रम पुढे चालू राहिला.

प्रश्न : शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आमचा वाडा आहे. मोडकळीला आलाय, पण नवं बांधू देत नाहीत. इंग्लंडमध्येही असाच नियम आहे का?
— एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : नाही. १०० मीटर बांधकामबंदी आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित, हे आपल्याकडे २०१० च्या दुरुस्तीने पक्कं झालं. इंग्लंडमध्ये मीटरचा आकडा नाही. शेजारी काही बांधायचं तर नेहमीप्रमाणे स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि त्या बांधकामाने स्मारकाच्या भोवतालाला किती बाधा येते हे तिथे तोलून पाहतात. कधी पन्नास मीटरवर घर मंजूर होतं, कधी दोन किलोमीटरवरची पवनचक्की नामंजूर.

ऐकायला हे समंजस वाटतं, पण लगेच हेवा करू नका. तोलायचं म्हटलं की तराजू कुणाच्या हातात हा प्रश्न येतो. स्टोनहेंजजवळून जाणारा ए ३०३ महामार्ग बोगद्यात घालायचा प्रस्ताव घ्या. २०२० मध्ये मंजूर, २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द, २०२३ मध्ये पुन्हा मंजूर, २०२४ मध्ये नव्या सरकारने खर्च परवडत नाही म्हणून गुंडाळला. वकील आणि सल्लागार सोडून कुणाचंच भलं झालं नाही. शंभर मीटरचा नियम आडमुठा आहे, तुमच्यासारख्यांवर अन्याय करणारा आहे, पण त्याच्यापुढे बिल्डर आणि वाडेकरी सारखेच अडतात. तोलण्याच्या पद्धतीत ज्याला चांगला सल्लागार परवडतो त्याचं पारडं खाली जातं.

प्रश्न : नागपूरजवळ जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत. एव्हबरीशी त्यांचं काही नातं?
— एक वाचक, काटोल

उत्तर : नातं नाही, पण असावं असं वाटणारा एक साहेब होऊन गेला. मुलकी सेवेतले जे. एच. रिव्हेट-कार्नॅक यांनी जुनापाणीची वर्तुळं खणली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांवर लिहिलं. दगडांवर त्यांना ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे दिसले. असे खळगे ब्रिटनमधल्या प्राचीन दगडांवरही आहेत, तेव्हा दोन्हीकडचे लोक मुळात एक असावेत असा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. त्या काळात असले तर्क फार चालत.

तारखांपुढे हा तर्क टिकत नाही. विदर्भातली शिळावर्तुळं लोहयुगातली, इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातली. एव्हबरीचं रिंगण त्याच्या दीड हजार वर्षं आधीचं. कामही वेगळं. विदर्भात मृताच्या अवशेषांवर माती-गोट्यांचा ढीग आणि त्याभोवती धोंड्यांचं कडं. म्हणजे प्रत्येक वर्तुळ हे एक दफन. जुनापाणीला अशी सुमारे तीनशे आहेत आणि ती केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. एव्हबरीत एकच विशाल आवार, बांधाच्या माथ्यावरून माथ्यावर साधारण ४२० मीटर रुंद, लोकांनी एकत्र जमण्यासाठी केलेलं. दफनासाठी तिकडे वेगळी लांबट टेकाडं होती. वेस्ट केनेटचं तसं टेकाड सुमारे १०० मीटर लांब आहे, इ. स. पूर्व ३६५० च्या आसपासचं, आणि त्याच्या दगडी खोल्यांतून निदान ३६ माणसांचे अवशेष मिळाले.

साहित्याचा फरक तर फारच मोठा. विदर्भात शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे उत्खनन केलं तेव्हा दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांची हाडं आणि घोड्यांचे तांब्याचे अलंकार निघाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. एव्हबरीचा खंदक मुळात नऊ मीटर खोल होता, आज त्याचा बराच भाग गाळाने भरला आहे. तो खणणाऱ्यांच्या हाती धातूचं एकही अवजार नव्हतं. खडूच्या दगडात त्यांनी तो हरणाच्या शिंगांनी खणला, आणि वापरून टाकलेली शिंगं विसाव्या शतकातल्या उत्खननात खंदकाच्या तळाशी सापडली.